मुंबईंत जन्मलेले दोन कालयात्री



आमच्या वैभववाडीहून करूळचा घाट चढून गगनबावड्यास जातां येतें, आणि मनांत आलें तर त्याच घाटानें उतरून संध्याकाळपर्यंत घरीं परतहि येतां येतें. काळाच्या घाटाचें तसें नाहीं. तेथें सारी वाहतूक एकेरी. गेलेला दिवस पुन्हा चढून जाण्याची सोय कोणत्याहि सरकारनें आजवर केलेली नाहीं. ही सोय ज्यांनीं केली ते कादंबरीकार. आणि तिचा अत्यंत मौजेचा उपयोग ज्यांनीं केला ते मुलांसाठीं लिहिणारे कादंबरीकार. एखादा मुलगा अवचित दुसऱ्याच शतकांत जाऊन पडतो, किंवा दुसऱ्या शतकांतील कोणी त्याच्या अंगणांत येऊन उभा राहतो; मग फजिती होते, हंसें होतें, आणि हंसतां हंसतां मुलगा शहाणा होतो. या जातीच्या कादंबरीचा इतिहास मोठा नाहीं. सव्वाशें वर्षांत बसेल एवढाच आहे. परंतु त्या इतिहासांतील दोन ठळक पुरुष आपल्या मुंबईंत जन्मले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानांत नसते. म्हणून आजचें हें भाषण.

पहिला रड्यर्ड किप्लिंग. हा ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईंत जन्मला. त्याचे वडील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिल्पकलेचे शिक्षक होते. दुसरा टेरेन्स हॅन्बरी व्हाइट. हा २९ मे १९०६ रोजीं मुंबईंतच जन्मला. त्याचे वडील हिंदुस्थानच्या पोलीस खात्यांत अधिकारी होते. दोघांच्या वयांत चाळीस वर्षांचें अंतर. पण दोघांच्या बाळपणाचा सांगाडा मात्र एकच. मुंबईच्या उन्हांत चार-पांच वर्षें काढलीं न काढलीं तोंच दोघांचीहि रवानगी विलायतेस झाली. किप्लिंग व त्याची धाकटी बहीण यांना साउथसी गांवीं पैसे घेऊन मुलें सांभाळणाऱ्या एका परक्या कुटुंबांत ठेवण्यांत आलें, आणि तेथें सुमारें सहा वर्षें त्यानें जो जाच सोसला त्याची कहाणी पुढें १८८८ मध्यें त्यानें कथारूपानें लिहिली. त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ सालीं, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत मुंबईच्या आठवणी आहेत. त्याची आया पोर्तुगीज रोमन कॅथॉलिक होती व गडी हिंदु होता. त्यांच्या संगतींत तो इतका देशी झाला होता कीं, आईबापांपुढें जातांना आतां इंग्रजींत बोल, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे. व्हाइटला आजीआजोबांचा आसरा मिळाला, हें त्याचें नशीब त्यांतल्या त्यांत बरें; पण आईबापांचें पटत नव्हतें, आणि तो चौदा वर्षांचा असतांना तीं दोघें वेगळीं झालीं. पुढें वसतिगृहाची शाळा आलीच.

कोंकणांतल्या माणसाला या प्रकाराची फोड करून सांगावयास नको. दहा वर्षांचा मुलगा मामाच्या खोलीवर मुंबईस पाठवावयाचा आणि गणपतीला तो चार दिवस पाहुण्यासारखा यावयाचा, हें आम्हीं पिढ्यान् पिढ्या पाहिलें आहे. घर सुटलेल्या मुलाला मागें जाण्याची ओढ कशी असते, हें आमच्याकडील चाकरमान्याला विचारावें. किप्लिंग व व्हाइट यांच्या पुस्तकांत काळाचें दार उघडणारा कोणी तरी म्हातारा, प्रेमळ आणि थोडासा विक्षिप्त असा जाणता भेटतोच भेटतो, याचें मूळ मला या तुटलेल्या बाळपणांतच दिसतें. हें माझें अनुमान; पण मुलें वाढतांना पाहण्यांतच ज्याचा जन्म गेला, त्याला असें अनुमान करण्याचा थोडासा अधिकार असावा.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. किप्लिंगची साम्राज्यभक्ति आपणांस रुचण्याजोगी नव्हती व नाहीं. गोऱ्या माणसाच्या ओझ्याचे पोवाडे गाणारा हा लेखक आपल्या देशाविषयीं पुष्कळ वेडेंवांकडें लिहून गेला. परंतु चोराच्या हातचा कंदील असला तरी त्याच्या उजेडांत वाट दिसतेच. ती पाहण्यास हरकत नसावी.

आतां १९०६ हें वर्ष पहा. ज्या सालीं मुंबईंत व्हाइट जन्मला, त्याच सालीं इंग्लंडांत मुलांच्या कालप्रवासाचीं दोन पुस्तकें निघालीं. एक किप्लिंगचें ‘पक ऑफ पूक्स हिल’. डॅन व ऊना हीं भावंडें उन्हाळ्यांतील एका सणाच्या संध्याकाळीं शेतांत शेक्सपिअरच्या नाटकांतील एक तुकडा तीनदां करून पाहतात, आणि डोंगर उघडून पक नांवाचा यक्ष बाहेर येतो. तो मुलांना भूतकाळांत नेत नाहीं. भूतकाळालाच त्यांच्याकडे आणतो. कधीं नॉर्मन सरदार, कधीं रोमन सेनेंतील शतपति. प्रत्येक जण गवतांत बसून आपली हकीकत सांगून जातो. गोष्ट संपली कीं पक मुलांना तीन झाडांचीं पानें देतो व त्यांना सारें विसरावयास लावतो. घरीं जाऊन त्यांनीं बडबड करूं नये, ही त्यांतील खुबी! दुसरें पुस्तक ईडिथ नेसबिट या बाईंचें ‘द स्टोरी ऑफ द अॅम्युलेट’. यांतील चार भावंडें एका ताइताच्या कमानींतून खरोखरच जुन्या इजिप्तमध्यें व बाबिलोनमध्यें जाऊन येतात. बाबिलोनची राणी उलट भेटीस लंडनला येते, आणि तेथील पदार्थसंग्रहालयांत आपलेच दागिने कांचेआड ठेवलेले पाहून ते परत मागूं लागते. या प्रसंगाला पोट धरून हंसावें. पण आपल्या देशांतील कितीएक वस्तु अजून त्याच शहरांत कांचेआड आहेत, हें आठवलें म्हणजे हंसूं अर्ध्यावर थांबतें.

याच्या अगोदर मोठ्यांसाठीं हा प्रयोग झालेला होता. एच. जी. वेल्सचें कालयंत्र १८९५ मधलें. त्याहूनहि सहा वर्षें आधीं, १८८९ मध्यें, मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकानें बंदुकांच्या कारखान्यांतील एका मुकादमाच्या डोक्यांत पहार घालून त्याला थेट आर्थर राजाच्या दरबारांत फेंकून दिलें. तेथें जिवंत जाळण्याची वेळ आली असतां, खग्रास ग्रहण केव्हां लागणार हें ठाऊक असल्यामुळें तो वांचतो. परंतु ट्वेनचा माणूस भूतकाळाला हंसतो, त्याला सुधारूं पाहतो, आणि शेवटीं विजेच्या तारांनीं हजारों सरदारांना भाजून काढतो. मुलांना द्यावयाचें हें पुस्तक नव्हे. त्याच आर्थर राजाकडे गेलेल्या व्हाइटनें नेमकी उलटी चाल खेळली. त्याच्या पुस्तकांत भूतकाळ आपणांस हंसतो.

व्हाइट हा आमच्याच धंद्यांतला. केंब्रिजमधून इंग्रजी वाङ्मयाची उत्तम पदवी घेऊन तो १९३२ ते १९३६ पर्यंत स्टो येथील शाळेंत शिक्षक होता व इंग्रजी विषयाचा मुख्य होता. मग नोकरी सोडून तो जवळच्या रानांत शिकाऱ्याच्या खोपटांत राहूं लागला व बहिरी ससाणे माणसाळवूं लागला. विद्यार्थिदशेंत त्यानें सर थॉमस मॅलरीच्या आर्थरकथेवर निबंध लिहिला होता. मॅलरीचें हें पुस्तक कॅक्स्टननें १४८५ सालीं छापलें, म्हणजे वास्को द गामा कालिकतला लागण्याच्या तेरा वर्षें आधीं. १९३७ मध्यें व्हाइटनें तें पुन्हा हातीं घेतलें, आणि त्याच्या लक्षांत आलें कीं, आर्थर राजा कसा झाला हें मॅलरी सांगतो, पण तो लहानाचा मोठा कसा झाला, त्याला शिकवलें कोणीं, हें फारसें सांगत नाहीं. ती जागा त्यानें भरून काढली. १९३८ मध्यें ‘द सोर्ड इन द स्टोन’, म्हणजे ‘दगडांतील तलवार’, बाहेर पडली.

कथा थोडक्यांत अशी. सर एक्टर नांवाच्या गढीवाल्याच्या घरीं एक पोरका मुलगा वाढतो आहे. त्याला सर्व जण वॉर्ट म्हणतात. वॉर्ट म्हणजे अंगावरची चामखीळ, यावरून त्याची घरांतील किंमत कळेल. घराचा खरा वारस के हा थोडा मोठा व थोडा गर्विष्ठ. रानांत हरवलेला ससाणा शोधतां शोधतां वॉर्टला एका झोपडींत मर्लिन नांवाचा जादूगार भेटतो, आणि तो त्याचा शिक्षक होतो. मर्लिनच्या खांद्यावर आर्किमिडीज नांवाचें घुबड, खोलींत पेंढा भरलेली मगर, आणि फळीवर चक्क एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची चौदावी आवृत्ति! मध्ययुगांतील झोपडींत विसाव्या शतकांतील ज्ञानकोश कसा, असें विचाराल तर त्यांतच साऱ्या पुस्तकाचें मर्म आहे. मर्लिन काळांतून उलटा जगतो. तो भविष्यकाळांत जन्मला आणि मागें मागें चालला आहे. म्हणून उद्यां काय होणार हें त्याला आठवतें, आणि काल काय झालें हें मात्र त्याला तुम्हांआम्हांस विचारावें लागतें. हें मुलाला कसें समजावावें? तो वॉर्टला आरशांत पाहून एक अक्षर काढावयास सांगतो. अक्षर उलटें पडतें. झालें, धडा संपला. फळ्यावर खडूनें तासभर सांगून जें उमजलें नसतें, तें एका आरशानें उमजलें. शिक्षक असल्यावांचून हा प्रसंग कोणाला सुचला नसता.

या उलट्या जगण्यामुळें जो घोटाळा होतो तोच या कादंबरीचा विनोद. मर्लिन मंत्रानें आपली टोपी मागवतो, तर अदृश्य हात भलत्याच शतकांतल्या टोप्या आणून त्याच्या डोक्यावर ठेवतात, आणि तो कालविपर्यासाच्या नांवानें बोटें मोडीत बसतो. दुसरीकडे एक सरदार ईटनच्या शाळेची शिफारस करतो; आणि लेखक लगेच मध्यें तोंड घालून सांगतो कीं, तें ईटन नव्हतेंच, कारण ईटनची स्थापना १४४० पर्यंत व्हावयाची होती; पण तशाच प्रकारची दुसरी एक शाळा होती म्हणा. पाहिलेंत? विनोदाच्या पोटांत सनावळी दडली आहे. मुलगा हंसतो आणि १४४० हा आंकडा त्याच्या डोक्यांत कायमचा रुतून बसतो.

कालविपर्यासाचा हा विनोद कांहीं विलायतेची मिरास नव्हे. आमच्या दशावतारी नाटकांत संकासूर येतो. अंगांत काळा पायघोळ पोशाख, तोंडाला लोंबती लाल जीभ. वेद चोरणारा हा दैत्य सत्ययुगांतला. पण तो भटजीशीं मालवणींत हुज्जत घालतो, आणि बोलण्यांत गांवच्या यष्टीचा, तलाठ्याचा, भाताच्या भावाचा उल्लेख बेधडक करतो. प्रेक्षक रात्रीच्या दीड वाजतां लोळून हंसतात. कां हंसतात? सत्ययुगांत यष्टी नव्हती हें त्यांना ठाऊक असतें म्हणून. ज्याला काय केव्हां होतें हें ठाऊक नाहीं, त्याला हा विनोद कळणारच नाहीं. कित्येक विद्वान् गृहस्थ म्हणतात कीं, अशा अद्भुत कादंबऱ्यांनीं मुलांचें इतिहासाचें ज्ञान बिघडतें. माझा अनुभव नेमका उलट आहे. कालविपर्यास पकडतां येणें हीच इतिहासाच्या ज्ञानाची पहिली खूण. आणि ती अंगीं आणण्यास विनोदासारखा दुसरा पंतोजी नाहीं.

मर्लिनची शिकवण्याची तऱ्हाहि पाहण्यासारखी आहे. तो वॉर्टला व्याख्यान देत नाहीं. त्याला प्राणी करून टाकतो. मासा होऊन वॉर्ट खंदकांत शिरतो, तेव्हां तेथला राजा म्हणून मिरवणारा एक भला मोठा हिंस्र मासा त्याला सांगतो कीं, जगांत बळ हेंच काय तें खरें. आणि हा धडा संपतां संपतां त्याला गिळावयासहि धांवतो. ससाण्यांच्या पिंजऱ्यांत वॉर्ट शिपाईगिरीची कडक शिस्त पाहतो. बिळांत राहणारा एक विद्वान् प्राणी त्याला माणसाच्या गर्भाची गोष्ट सांगतो. पुढें के साठीं तलवार शोधतांना हा पोरका पोर चर्चपाशीं दगडांत रुतलेली तलवार उपसूं लागतो, तेव्हां हे सारे प्राणी जणूं धीर द्यावयास भोंवतीं गोळा होतात. तलवार निघते. ती उपसणाराच इंग्लंडचा राजा, असा लेख तिच्यावर असतो. के प्रथम म्हणतो, मीं उपसली. मग बापानें डोळ्याला डोळा लावतांच खरें सांगून टाकतो. पुस्तकांतील सर्वांत मोठें धाडस मला तलवार उपसण्यांत वाटत नाहीं, के च्या या कबुलींत वाटतें. असो.

आतां या हंसण्याच्या मागें काय आहे तें सांगतों. मर्लिनला शिष्याचें पुढें काय होणार हें सारें ठाऊक आहे. चामखीळ म्हणून हिणवला जाणारा हा मुलगा राजा होणार, गोलमेज मांडणार, आणि अखेर स्वतःच्याच मुलाशीं लढतांना त्याचें सर्वस्व जाणार, हें मर्लिनला धड्याच्या पहिल्याच दिवशीं माहीत होतें. तरी तो शिकवतो. १९३९ मध्यें निघालेल्या पुढच्या भागांत तर याहून विलक्षण प्रकार आहे. इतकें सारें शिकवून झाल्यावर मर्लिनला एके रात्रीं आठवतें कीं, मुलाला त्याच्या आईचें नांव सांगावयाचें राहूनच गेलें! म्हाताऱ्याचा विसराळूपणा, ज्याला आपण इतका वेळ हंसत होतों, तोच घात करतो. आई कोण हें ठाऊक नसल्यामुळें राजाचा संबंध त्याच आईच्या मुलीशीं येतो, आणि राज्य बुडवणारा मॉर्ड्रेड जन्माला येतो. चाळीस मुलांच्या वर्गापुढें उभा राहिलेला कोणताहि शिक्षक हें वाचून क्षणभर थबकेल. आपण सारा अभ्यासक्रम पुरा केला; पण अमक्या मुलाला जें एक वाक्य सांगावयास हवें होतें, तें सांगितलें काय?

पुस्तक निघालें त्याच्या दुसऱ्याच वर्षीं महायुद्ध पेटलें. व्हाइट तेव्हां आयर्लंडमध्यें होता व युद्ध संपेपर्यंत तेथेंच राहिला. बळ हेंच सत्य, असें म्हणणारा खंदकांतला मासा आतां युरोपभर धुमाकूळ घालीत होता. व्हाइटनें १९४१ मध्यें कथेचा आणखी एक भाग लिहिला. त्यांत म्हातारा आर्थर पुन्हा मर्लिनला भेटतो, आणि मुंग्यांच्या व हंसांच्या राज्यांत जाऊन माणूस युद्ध कां करतो याचा शोध घेतो. प्रकाशकानें तो भाग छापला नाहीं. मुंग्यांचा व हंसांचा प्रसंग व्हाइटनें नंतर पहिल्या भागांत घातला, आणि १९५८ मध्यें सारे भाग एकत्र निघाले. नाकारलेला भाग अमेरिकेंतील एका विद्यापीठानें छापला तो १९७७ मध्यें. व्हाइट मरून तेव्हां तेरा वर्षें झालीं होतीं. १९५८ च्या ग्रंथाच्या शेवटीं, अखेरच्या लढाईच्या आदल्या रात्रीं, राजा एका लहान हुजऱ्याला जवळ बोलावतो, आपली सारी कहाणी सांगतो, आणि उद्यां लढूं नकोस, ही गोष्ट घेऊन निघून जा, अशी आज्ञा करतो. त्या पोराचें नांव टॉम. तोच पुढें १४८५ च्या पुस्तकाचा कर्ता मॅलरी, असें लेखकानें सुचविलें आहे.

आपल्याकडे या जातीचें काय आहे? बीज फार जुनें आहे. भागवतांत ककुद्मी राजाची कथा येते. मुलगी रेवती हिच्यासाठीं वर विचारावयास तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं जातो. तेथें गंधर्वांचें गायन चाललेलें असतें, म्हणून क्षणभर थांबतो. मग मनांतील वरांचीं नांवें सांगतो. ब्रह्मदेव हंसतो! म्हणतो, बाबा रे, तूं गाणें ऐकत होतास तेवढ्यांत खालीं सत्तावीस चतुर्युगें उलटलीं. तुझे वर, त्यांचे मुलगे, नातू, कोणी उरलें नाहींत. शेवटीं रेवती बलरामाला दिली जाते. पण ती जुन्या युगांतली, म्हणून फार उंच, तेव्हां बलराम नांगराच्या टोकानें तिची उंची बेताची करतो, असें विष्णुपुराण सांगतें. कालप्रवास, विनोद व लग्नाची घाई, तिन्ही एके ठिकाणीं! एवढी सामग्री घरांत असतां आपल्या लेखकांनीं तिच्यावर मुलांची कादंबरी उभारूं नये, याचें नवल वाटतें.

अर्वाचीन मराठींत भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनीं ज्यूल व्हर्नची अद्भुत सृष्टि मराठी मुलांच्या हातीं दिली, व फास्टर फेणे हा खोडकर पोर निर्माण केला. पण फेणेची सायकल काळांतून धांवली नाहीं. ती दौड केली जयंत नारळीकर यांनीं. हे १९३८ मध्यें, म्हणजे ‘दगडांतील तलवार’ निघाली त्याच सालीं, आमच्या घाटमाथ्यावरच्या कोल्हापुरांत जन्मले, आणि २०२५ च्या मे महिन्यांत पुण्यास निवर्तले. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेंत इतिहासाचा एक प्राध्यापक अपघातानें अशा जगांत शिरतो, जेथें १४ जानेवारी १७६१ रोजीं विश्वासरावाला गोळी लागली नाहीं, मराठे जिंकले, आणि मुंबईंत रेल्वे चालविते ती ईस्ट इंडिया कंपनी. पंत ग्रंथालयांत बसून स्वतःचाच इतिहासग्रंथ वाचतात, तर त्यांत पानिपतचा निकाल उलटा! संध्याकाळीं आझाद मैदानावरील सभेंत अध्यक्षाची खुर्ची रिकामी दिसतांच, जन्मभराच्या संवयीनें ते तिच्यावर जाऊन बसतात. आणि त्या जगांत अध्यक्षीय भाषणें केव्हांच बंद झालेलीं असल्यामुळें श्रोते त्यांना टोमॅटो व अंडीं यांचा अहेर करतात. मलाहि कांहीं सभांचें अध्यक्षस्थान भूषवावें लागलें आहे. त्या जगांत माझा निभाव लागला नसता. ही कथा अकरावीच्या राष्ट्रीय इंग्रजी क्रमिक पुस्तकांत गेली, हें योग्यच झालें. उणीव एवढीच कीं, तिचा नायक प्रौढ प्राध्यापक आहे. वॉर्टसारखा, अजून घडावयाचा असलेला मुलगा मराठींत या वाटेनें ठळकपणें गेलेला मला दिसत नाहीं.

जावयाचें तर त्यानें दूर कशाला जावें? वैभववाडीपासून खारेपाटण फार लांब नाहीं. तेथें सांपडलेला शिलाहार मांडलिक रट्टराजाचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे, आणि परदेशाहून येणाऱ्या जहाजांकडून देवालयासाठीं सोनें घ्यावें अशी नेमणूक त्यांत आहे. मीं शाळेंत असतांना मुलांना एक प्रश्न घालीत असें: तूं आज रात्रीं निजलास आणि १००८ सालीं खारेपाटणच्या बंदरावर जागा झालास; पहिल्या दिवशीं काय काय मागशील, आणि त्यांतलें काय मिळणार नाहीं? मुलें चहा मागत, चहा नाहीं. बटाट्याची भाजी मागत, बटाटा नाहीं. माशाचें तिखट मागत, मिरची पोर्तुगीजांनंतरची. काजू तर कोंकणच्या मातींतलाच, असें प्रत्येक जण छातीवर हात मारून सांगे, आणि तोहि ब्राझीलहून पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकांत आला हें ऐकून वर्गांत मोठा कल्लोळ होई. भात, नारळ, सोलें आणि मासे, एवढ्यावर पोट भरावें लागेल असें ठरे. मग मी उलटा प्रश्न विचारीं: त्या वेळचा तुझ्याएवढा मुलगा आज खारेपाटणला उतरला, तर आधीं काय विचारील? बहुतेक जण मोटार, विजेचे दिवे, रेल्वे असें कांहीं तरी लिहीत. एका वर्षीं मागच्या बांकावरच्या एका मुलानें एकच ओळ लिहिली होती. खाडी गाळानें भरली आहे. तो आधीं विचारील, जहाजें कोठें गेलीं.